तेरा टक्के नक्की कुणी मोजले?

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायका जेमतेम १३ टक्के, हे वाक्य सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलंय. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: ‘आकडे खोटं बोलत नाहीत, बायकांना असल्या कामात रसच नसतो.’ आधी आकड्याकडे बघू.

‘तो पाहणीतून आलाय.’ हो, २००८ सालच्या. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन आणि नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांनी ती केली. पण तिच्यात नमुना निवडलेला नव्हता. ज्याला वाटलं त्याने फॉर्म भरला. अशा पाहणीत मोजले जातात ते मुख्यतः फॉर्म भरायची हौस असलेले. त्याच फॉर्मनुसार अमेरिकेतल्या वाचकांत स्त्रिया ३९.९ टक्के निघाल्या. दोन महिन्यांच्या आत प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी-संस्थेने प्रातिनिधिक नमुना घेऊन अमेरिकी प्रौढांना विचारलं, तर हा वाटा बराच जास्त भरला. म्हणजे वाचणाऱ्या बायका होत्या, फॉर्म भरणाऱ्या कमी होत्या.

२०१३ मध्ये बेंजामिन माको हिल आणि ॲरन शॉ या संशोधकांनी दोन्ही पाहण्या जोडून हिशेब नव्याने मांडला. स्त्री संपादकांचा वाटा १२.७ वरून १६.१ टक्क्यांवर गेला, फक्त अमेरिकी प्रौढ धरले तर १७.८ वरून २२.७ वर. वाचकांमधला फॉर्म टाळण्याचा कल संपादकांनाही लागू पडतो, असं त्यात गृहीत धरलंय. गृहीतकं त्यांनी लपवलेली नाहीत, हे मला आवडलं. दरी काही मिटली नाही, १६ सुद्धा कमीच. पण एका दुरुस्तीने चौथ्या हिश्शाहून जास्त वाढणारा आकडा दगडावरची रेघ नव्हे.

‘मग विकिपीडियाच्या खात्यात नोंदलेलं लिंग मोजा.’ ती सोय व्याकरणासाठी आहे, ‘तो संपादन करतो’ म्हणायचं की ‘ती करते’ हे ठरवायला. ती ऐच्छिक आहे आणि भरलेलं कुणालाही दिसतं. त्रास नको म्हणून एखादी बाई ती रिकामी ठेवत असेल, तर मोजणीतून आधी तीच गळते.

‘नावावरून ओळखा.’ किरण कोण? शशी कोण? बरं, मराठीत क्रियापद चुगली करेल म्हणावं, ‘करतो’ पुरुष, ‘करते’ बाई, तर कोल्हापूरकडे जाऊन बघा. तिथल्या मुली बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणतात. पुण्याच्या बोलीवर बेतलेला प्रोग्रॅम त्यांना सरसकट पुरुषांत ढकलेल. आणि संपादनाचा सारांश, म्हणजे काय बदललं याची छोटी नोंद, तर ‘दुवा जोडला’, ‘ओळ खोडली’ असा असतो. त्यातून लिंग कळतं ते दुव्याचं आणि ओळीचं! फोटोचंही तसंच: २०१८ च्या ‘जेंडर शेड्स’ अभ्यासात चेहऱ्यावरून लिंग सांगणाऱ्या व्यावसायिक प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८ टक्के चुकल्या, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत मात्र ३४.७ टक्क्यांपर्यंत.

‘स्त्री की पुरुष, एवढंच तर विचारायचं.’ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे, तेव्हा दोनच चौकोन ठेवणं चूकच. तिसरा ठेवल्यावर वेगळी कसरत सुरू होते. समजा १०,००० जणांत खरे तृतीयपंथीय ४० आहेत, आणि उरलेल्यांपैकी फक्त १ टक्क्याने गंमत म्हणून किंवा घाईत तिथे टिचकी मारली. चौकोनात सुमारे १४० जण दिसतील, त्यातले १०० चुकीचे. मोठ्या गटात ही चूक विरघळून जाते, छोट्या गटाला गिळून टाकते.

राहिला ‘रस नाही’. बायका आल्याच नाहीत, येऊन वाद घालून कंटाळल्या आणि गेल्या, की आजही लिहितायत पण लिंगाची जागा कोरी ठेवून? टक्केवारी तिन्ही वेळा सारखीच दिसू शकते. २००८ च्या पाहणीवरून यातलं एक निवडणाऱ्याने ते स्वतःच्या खिशातून काढलंय.