नऊ इंची भिंत आणि शेजारचे काका

कंपाउंडची भिंत बांधायची ठरली की घरात आधी चर्चा होते ती गेटच्या डिझाइनची. मोर हवा की उगवता सूर्य, यात दोन रविवार जातात. मग मिस्त्री येतो, चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढतो आणि विचारतो, "इथूनच घ्यायची ना?" आपण म्हणतो, "हो, इथूनच असेल." या ‘असेल’चा खर्च अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नसतो. आणि नेमके त्याच वेळी पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारे काका, जे एरवी आपल्याला ओळखही देत नाहीत, ओली चादर हातात तशीच धरून खाली बघायला लागतात.

हद्द कुठे आहे हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. आजीच्या मते जास्वंदीपर्यंत आपलं. वडिलांच्या मते जास्वंदीच्या पलीकडे हातभर, कारण जास्वंद ‘आत घेऊन’ लावली होती. खरेदीखत काढावं तर चतुःसीमेत लिहिलेलं असतं : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची मिळकत, दक्षिणेस चिंचेचे झाड. अमक्याने मिळकत कधीच विकली, रस्ता दोनदा रुंद झाला आणि चिंच कुणाच्या तरी चुलीत गेली. दक्षिण तेवढी जागेवर आहे.

मग कागदांची फाइल उघडते. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा पुरावा म्हणून फार आत्मविश्वासाने पुढे येतो. तो कर आकारणीचा कागद आहे. तुम्ही कर भरता एवढंच तो सांगतो, हद्द सांगत नाही. नगर भूमापन, म्हणजे सिटी सर्व्हे, झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढायचं. बाकी ठिकाणी ७/१२. यात गंमत अशी की ७/१२ बोलतो हेक्टर-आरमध्ये, प्रॉपर्टी कार्ड चौरस मीटरमध्ये, खरेदीखत गुंठ्यात आणि आपण व मिस्त्री चौरस फुटांत. जुन्या ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा : ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. बोलण्याच्या ओघात दोघांना एकच मानलं जातं. एका गुंठ्याला जेमतेम १३ चौरस फुटांचा फरक, पण दहा गुंठ्यांना सव्वाशेच्या वर जातो. तेवढ्यात एक खोली बसते. ‘शेजाऱ्याने खाल्लेली’ जागा पुष्कळदा या हिशेबानेच खाल्लेली असते. काका निर्दोष.

पुढची पायरी नकाशा. तो झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणायचा आणि त्यावर पट्टी ठेवायची, हा सार्वत्रिक छंद आहे. नगर भूमापनाचं शीट १:५०० प्रमाणाचं असेल आणि त्यावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती रेघच २५ सेंटिमीटर रुंद होते. आपली भिंत आहे नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर. अख्खी भिंत रेघेच्या पोटात मावते आणि भांडण तिच्या उजव्या कडेवरून की डाव्या, एवढंच उरतं. त्यातून झेरॉक्समध्ये कागद थोडा ताणला जातो तो वेगळाच. मोबाइलवर नकाशा उघडून निळ्या ठिपक्यामागे अंगणभर फिरणारे तर धन्यच. फोनचा जीपीएस उघड्या जागेतही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. तेवढ्यात आपली हद्द काकांच्या स्वयंपाकघरातून फिरून येते.

स्वतः टेप धरून मोजायला हरकत नाही, अंदाज येतो. फक्त टेप आडवा धरा. उतारावर जमिनीला चिकटवून धरला की आकडा फुगतो, कारण नकाशातली लांबी आडवी असते. दहा अंशांच्या उतारावर टेपने ३० मीटर भरलेली बाजू नकाशात साडेएकोणतीसच्या आसपास बसते. कोकणातल्या भाऊबंदकीत या दीड फुटाचा वाटा किती, हे कुणीतरी मोजायला हवं. उतार असेल तर तीन-तीन मीटरचे टप्पे घ्या, टेप पातळीत धरा आणि टोकाला ओळंबा सोडा. चारही बाजू भरल्या म्हणून खूश होऊ नका, दोन्ही कर्णही मोजा. ३० बाय ४० च्या काटकोनी प्लॉटचा कर्ण ५० फूट यायला हवा. एक साडेपन्नास आणि दुसरा साडेएकोणपन्नास आला तर प्लॉट तिरका आहे, किंवा टेपचं दुसरं टोक धरणारा मेहुणा तिरका आहे.

लेआउटमधल्या प्लॉटचं दुखणं आणखी वेगळं. पहिल्याने कोपऱ्यावरचा दगड न बघता रस्त्याच्या डांबराच्या कडेपासून मोजलं आणि अर्धा फूट सरकला. दुसऱ्याने पहिल्याच्या भिंतीपासून मोजलं, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. सगळ्यांची मापं बरोबर भरतात, कुणीही चोर नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या प्लॉटला मात्र अर्धा फूट कमी पडतो, एसटीच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसावा तसा. म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीपासून कधीही मोजू नये. ती भिंत म्हणजे त्याचं मत आहे.

एवढं सगळं झाल्यावर माणूस भूमी अभिलेख खात्याकडे वळतो. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. तालुक्याच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयात किंवा ई-मोजणीवर ‘हद्द कायम’, म्हणजे हद्द ठरवून देणाऱ्या, प्रकारच्या मोजणीचा अर्ज करायचा. ‘पोटहिस्सा’ आणि ‘बिनशेती’ हे वेगळे प्रकार, त्यावर चुकून खूण करू नका. फी क्षेत्रावर ठरते, शहराला आणि खेड्याला वेगळी, घाई असेल त्याला जास्त. मग तारीख पडते आणि लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. काकांना नोटीस पोस्टाने मिळण्याच्या आदल्या दिवशी आपण स्वतः जाऊन सांगावं, चहा घ्यावा. नोटीस आधी पोचली तर चहा मिळत नाही.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक साहेब येतात. पूर्वी प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा नकाशाचा फळा असे, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र आलं, आता उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर. रोव्हर सेंटिमीटरमध्ये सांगतो की तुम्ही कुठे उभे आहात. हद्द कुठे आहे हे त्याला जुन्या अभिलेखातूनच कळतं, म्हणून साहेब आधी आसपासचे जुने दगड आणि कायम खुणा शोधतात. तो दगड गेली कित्येक वर्षं आपल्याच नळाखाली धुण्यासाठी वापरात असेल तर आजच काय ते कबूल करावं. कुंपणाची घाणेरी आधीच तोडून ठेवा. चुना, खुंट, हातोडा आणि एक गडी तयार ठेवा, कारण ते पुरवणं अर्जदाराचं काम. साहेब दाखवतील तिथे तिथल्या तिथे खुंट ठोका. नंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीत अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात. दोन रेघांमध्ये फट निघाली तर मापक ती दाखवून निघून जातात. ताबा देणं त्यांच्या हातात नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट. मोजणीच मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, तीही मान्य नसेल तर त्याच्याही वरची सुपर निमताना. नावावरून हे हॉटेलातले पदार्थ वाटतात, पण बिल बरंच जास्त येतं.

आणि हद्द सापडली म्हणजे भिंत त्यावर उभी करायची असं नव्हे. भिंत नऊ इंची असते, तिच्या कॉलमखालचं फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद चौथरा, तीन फुटी. मधोमध धरलं तर दोन्हीकडे साडेतेरा इंच बाहेर येतं, म्हणजे जमिनीखालून आपण काकांकडे फूटभर राहायला गेलोच. एक तर भिंत तेवढी आत घ्या, नाहीतर इंजिनिअरकडून एका बाजूला सरकवलेलं फुटिंग काढून घ्या. माथ्यावरचं कोपिंग, म्हणजे भिंतीची टोपी, दोन इंच बाहेर काढतात, त्याची पागोळीही आपल्याच अंगणात पडायला हवी. रस्त्याकडच्या बाजूला रस्तारुंदीची रेषा नगररचना विभागात विचारून घ्या, नाहीतर मोराचं गेट दोनदा बसवावं लागेल.

राहिले खुंट. पाया खणताना कोपऱ्याचा खुंट उखडणार हे नक्की, म्हणून प्रत्येक कोपऱ्याचे दोन साक्षी-खुंट आपल्या जागेत मीटरभर आत, काँक्रीटमध्ये बसवा. कोपऱ्यापासून त्यांची अंतरं वहीत लिहा आणि काकांना बाजूला उभं करून फोटो काढा. काँक्रीट विसरू नका. सुट्टा खुंट दिसला की मिस्त्रीचा गडी तो उपटतो, त्याला लाइनदोरी गुंडाळतो आणि सोयीच्या जागी परत ठोकतो.