अकरा गोळ्या आणि चार डॉक्टर

सांगलीत डॉक्टर मिळत नाही अशी तक्रार केली तर लोक हसतील. शेजारच्या मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आजही कर्नाटकातून गाड्या भरभरून रुग्ण तेथे येतात. तरीही आईची सगळी दुखणी एकत्र पाहील असा एक डॉक्टर शोधण्यात माझे वर्ष गेले.

आईचे वय ७४. हृदयाचे, मधुमेहाचे, हाडांचे आणि पोटाचे असे चार डॉक्टर, सगळे आपापल्या विषयात उत्तम. पण एकाने दिलेला कागद दुसऱ्याने उलगडून पाहिला, असे कधी घडले नाही. सकाळी अंथरुणावरून उठताना तिला अंधारी येऊ लागली, तेव्हा आमच्या औषध दुकानदाराने दोन पाकिटे शेजारी ठेवून दाखवली: नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत मात्र दोन्हींत टेल्मिसार्टनच. रक्तदाबाची एकच गोळी ती दोन चिठ्ठ्यांवरून दोनदा घेत होती.

पूर्वी खणभागात आमचे एक डॉक्टर होते. त्यांना घरातल्या तिन्ही पिढ्यांची दुखणी तोंडपाठ असत. (साध्या तापालाही ते सुई टोचत, हेही सांगितले पाहिजे, जुने ते सगळेच सोने नव्हते.) त्यांचा दवाखाना बंद झाला आणि ती जागा कोणी भरली नाही. आपल्याकडे कोपऱ्यावर ज्याचा दवाखाना, तो फॅमिली डॉक्टर, मग पदवी कोणतीही असो. फॅमिली मेडिसिन, म्हणजे एका अवयवाऐवजी सबंध माणसाकडे पाहणारे वैद्यक, हा एमबीबीएसनंतर तीन वर्षे शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे, हे मलाही ठाऊक नव्हते. ओळखीच्यांना विचारले की प्रत्येकजण आणखी एका स्पेशालिस्टचे नाव सुचवी.

अखेर विश्रामबागेत पाटीवर ‘डीएनबी, फॅमिली मेडिसिन’ ही याच विषयाची पदव्युत्तर पदवी लिहिलेल्या एक तरुण डॉक्टर सापडल्या. त्यांनी पहिल्या भेटीत तपासण्या लिहून दिल्या नाहीत. घरातल्या सगळ्या गोळ्या, अर्धवट संपलेल्या पट्ट्यांसह, पिशवीत घालून आणायला सांगितले. त्या टेबलावर मांडून प्रत्येक गोळी कोणी, कधी, कशासाठी दिली हे त्यांनी आईलाच विचारले. गुडघ्यासाठी सुरू असलेल्या वेदनाशामक गोळीने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, हे त्यांनी समजावले. आणि हृदयाच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावून, त्यांच्याशी बोलूनच बदल केले. अकराच्या सात गोळ्या झाल्या.

मामांना हे पटलेले नाही. “एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ही कालची पोरगी कशी बंद करते?” असे ते म्हणाले. त्यांचा प्रश्न मला उद्धट वाटला, पण अनोळखी नाही. वर्षापूर्वी मीही हेच म्हणालो असतो, कारण मोठेपणा आपण अवयवाच्या नावावरून आणि फीच्या आकड्यावरून मोजतो. चाळीस मिनिटे ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांनी तीनशे रुपये घेतले, तर ते आपल्याला जास्त वाटतात. एका स्कॅनचे तीन हजार आपण निमूटपणे मोजतो. मग शिकलेल्या मुलांनी सांगली-मिरजेत हा विषय घेऊन का बसावे?

आईला आता अंधारी येत नाही. परवा मामांचा फोन आला होता. त्यांच्याही घरात म्हणे गोळ्यांची एक पिशवी आहे, आणि दवाखाना संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो, एवढेच त्यांना विचारायचे होते.