हॅडनफिल्डची पानगळ
‘हॅलोवीन’ या भयपटातलं गाव हॅडनफिल्ड, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं म्हणून दाखवलेलं. एका लेखात त्याला ‘अस्सल इलिनॉय’ म्हटलंय, वाचून हसूच आलं. १९७८चा ‘हॅलोवीन’ चित्रित झाला कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडिना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांत, तोही ऐन वसंतात. पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत तीच! नीट बघा, मागे पामची झाडंही डोकावतात. नाव तेवढं खरं. सहलेखिका डेब्रा हिल यांचा जन्म न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्डचा.

पण घाबरवतं ते गाव दिवसाढवळ्या. नायिका लॉरी वर्गाच्या खिडकीतून बघते, तर रस्त्यापलीकडे गाडीपाशी तो मुखवट्यातला खुनी, मायकल मायर्स, उभा. मग कुंपणाआड. मग वाळत घातलेल्या चादरींमध्ये. पुढच्या भागांत त्याला बहीण काय, पंथ काय, वाट्टेल ते चिकटवलं. गरज काय होती?