स्टिकर एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा
जुना लॅपटॉप घेतला की हे ठरलेलंच! खालच्या स्टिकरवर एक मॉडेल, बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) भलतंच. म्हणजे आधीच्याने मदरबोर्ड बदललाय आणि विकताना मूग गिळून बसलाय. बायोसचं अपडेट लावावं तर म्हणे, 'ही फाइल या मशीनसाठी नाही'. मग कुठली आहे ते तरी सांग की बाबा! शेवटी पुन्हा पाठ उघडा, बायोस जिच्यात असतं त्या आठ पायांच्या इवल्याशा चिपला प्रोग्रॅमरची (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राची) क्लिप लावा. क्लिप केसभर सरकली की वाचन चुकलं, म्हणून दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून बघा. त्यात चिप १.८ व्होल्टची आणि प्रोग्रॅमर ३.३ चा निघाला, की बसा अडॅप्टर शोधत. मशीनचा सिरीयल नंबर चिपवरून वाचलेल्या जुन्या फाइलीतून उचलून नव्या फाइलीत टाकायचा तो वेगळाच. आणि कशासाठी? पंखा विनाकारण घोंघावतो म्हणून. तिसरा लॅपटॉप हा माझा!