‘खरा कलाकार एकटाच असतो’ हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

माझी भाची कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये आहे. परवा तिने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, वाच हे, मी आता तालमीला जाणं बंद करतेय." फॉरवर्डचं म्हणणं असं: एकटा माणूस ग्रुपपेक्षा दुप्पट आयडिया काढतो हे येल युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय, संस्था म्हणजे नुसतं राजकारण आणि ‘घाशीराम कोतवाल’ त्याचा पुरावा, स्पर्धांमुळे कला मरते, तेव्हा ग्रुप सोडा. मला हा बऱ्याच जणांकडून आला होता तेव्हा सोडून दिलं, पण पोरं हे वाचून नाटक सोडणार असतील तर गप्प बसवत नाही.

आधी ते येल. अभ्यास खरा आहे, १९५८ सालचा, टेलर, बेरी आणि ब्लॉक यांचा. काही विद्यार्थ्यांना चौघाचौघांनी एकत्र बसवलं, बाकीच्यांना एकेकटं, आणि सगळ्यांना तेच प्रश्न दिले. त्यातला एक असा की माणसांच्या प्रत्येक हाताला अजून एक अंगठा असता तर काय फायदे-तोटे झाले असते. मग एकेकट्याने काम केलेल्यांपैकी चौघांच्या याद्या एकत्र केल्या, तीच आयडिया दोनदा आली तर एकदाच धरली, आणि ही बेरीज एकत्र बसलेल्या चौघांच्या जवळपास दुप्पट भरली. चौघांची बेरीज! एकट्याची नाही. एकट्या माणसाची यादी ग्रुपच्या यादीपेक्षा लहानच होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ‘चौघांची’ एवढंच गाळलं आणि सगळा अर्थ उलटा केला, आणि हे शास्त्राच्या नावावर खपतंय याचा मला भयंकर राग येतो.

एकत्र बसून आयडिया कमी का पडतात हे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी तपासलं. मुख्य कारण अगदी साधं, एक जण बोलत असतो तेव्हा बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात आणि तेवढ्यात सुचलेलं निसटून जातं. मग पाळीची पद्धत बदला ना, ग्रुप कशाला मोडता? शिवाय तिथे फक्त आयडिया काढायच्या होत्या, नाटक बसवायचं नव्हतं.

आता घाशीराम. पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेने १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग केला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनीच नाटक थांबवलं. हे खरंय, मान्य करावंच लागतं, संस्था स्वतःच्याच पोरांचं चांगलं काम बंद पाडू शकते. पण फॉरवर्ड तिथेच थांबतो. ती मंडळी आपापल्या घरी जाऊन एकेकटी बसली नाहीत, त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये ते युरोपला नेलं. एका संस्थेने अडवलं ते दुसऱ्या संस्थेने जगवलं. आणि मुळात ते नाटक बघा तरी! तेंडुलकरांनी लिहिलं, जब्बार पटेलांनी बसवलं, चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यं, आणि ती ब्राह्मणांची रांग, गाणारी, डोलणारी, प्रेक्षकांकडे पाठ केली की भिंत आणि वळली की अख्खं पुणं. त्यातला एक जण ठेक्यात चुकला तरी भिंत फुटते. हे खोलीचं दार लावून एकट्याने कोण करणार?

स्पर्धांचं थोडं खरंय. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांच्या १९८२ च्या प्रयोगात बक्षिसासाठी चुरशीने केलेली लहान मुलींची कोलाज कमी कल्पक ठरली. म्हणून परीक्षकांना काय आवडेल ते बघून एकांकिका बसवू नये. पण पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून कॉलेजच्या पोरांना स्टेज, तारीख आणि भरलेलं थिएटर देतोय, ते एकट्याला कुठून मिळणार? आणि राजकारण काय, ते सोसायटीच्या मीटिंगमध्येही असतं.

भाचीशी फोनवर बोलले तेव्हा खरी गोष्ट कळली. तालमीत दोन सीनियर बोलतात, फर्स्ट इयरवाले फक्त लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलतात, तिने सुचवलेला शेवट कुणी ऐकूनसुद्धा घेतला नाही. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि ती त्या सीनियर्सना तोंडावर सांगायला हवी. तिला म्हटलं, उद्या तालमीला जा आणि एवढंच माग की पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी आपापला शेवट कागदावर लिहायचा, नावं न घालता, आणि मग सगळे कागद मोठ्याने वाचायचे. सीनियर नाही म्हणाले तर दुसरा ग्रुप शोधू, मी स्वतः सोबत येईन.