घरफाळा, पोहण्याची फी आणि पाठीवरचा डबा

मंगळवार पेठकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला बसलो. चार ओळी झाल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या. ते उत्तर नव्हतं, भांडण होतं. आज सकाळी रंकाळ्यावर चालून आलोय, चहा झालाय, आता निवांत लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या कोल्हापूर महापालिकेचे पोहण्याचे तलाव, सभागृहं, नाट्यगृह यांची फी वाढवावी लागली तर वाढवा, पण ती चालती ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'ज्याला पोहायची हौस आहे त्याने हौसेचे पैसे मोजावेत.' त्यावर तुम्ही लिहिलंत, "घरफाळा भरतो, पाणीपट्टी भरतो, वर पोहायला पैसे, हॉलला पैसे. मग घरफाळा कशाचा घेता? शाहू महाराजांच्या गावात राहून महापालिकेची वकिली करताय. दोन पोरांची महिन्याची फी झेपली नाही म्हणून मी त्यांना मळ्यातल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकवलं. याला तुम्ही हौस म्हणता?"

वकिलीचं म्हणाल तर वकील फी घेतो. मला अजून कुणी वडापावसुद्धा खायला घातलेला नाही. ते सोडून देऊ. तुमचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत, आणि ते एकमेकांत गुंतलेत म्हणून वेगळे करून बोलतो.

पहिला घरफाळ्याचा. बाहेरगावच्या वाचकांनी 'मालमत्ता कर' असं वाचावं. आपल्याकडे तो शब्द फक्त नोटिशीत असतो. घरफाळ्याचं बिल एकदा डोळ्यांसमोर धरा. आकडा एकच दिसतो, पण पोटात बरीच बिऱ्हाडं असतात. सर्वसाधारण कर, सांडपाण्याचा, अग्निशमनाचा, झाडांचा, आणि त्यातच राज्य सरकारचा शिक्षण कर. हा शिक्षण कर महापालिका नुसता गोळा करते आणि पुढे पाठवते. दुकानगाळा असेल तर रोजगार हमीचा करही त्याच वाटेने मुंबईला जातो. म्हणजे तुम्ही खिडकीत मोजता ते सगळे पैसे शहराच्या वाट्याला येतच नाहीत. जे राहतात त्यातून दिवे, झाडू, गटारी, रस्ते, पगार आणि पेन्शन भागवायची. पाण्याचा खर्च तर पाणीपट्टीतून निघायला हवा. आता काळम्मावाडीच्या धरणातून पाणी येतंय. पन्नासएक किलोमीटरची पाईपलाईन, २०१४ ला कामाला हात घातला आणि २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी पोचलं. एवढ्या लांबून आणलेल्या पाण्याचा पंप काही हवेवर चालत नाही.

पूर्वी हे आपल्याला जाणवत नव्हतं, कारण जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, चालक पैसे मोजायचा, आणि शहर चालायचं. ते पैसे शेवटी साखरेच्या आणि सिमेंटच्या किमतीत आपणच देत होतो, पण पावती आपल्या नावाची नसल्यामुळे दुखत नव्हतं. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला, तोही गेला. आता सरकारकडून अनुदान येतं आणि बाकीचं घरफाळ्यावर, पाणीपट्टीवर नि बांधकाम परवान्यांवर.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, माझ्या लेखातही नव्हती. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली. त्यानंतर शहर फुगलं, पण हद्द वर्षानुवर्षं होती तिथेच राहिली. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी इथले हजारो लोक रोज शहरात येतात, केएमटीच्या सिटी बसमध्ये बसतात, रंकाळ्यावर फिरतात, पोहायला येतात. यावंच त्यांनी, आपलीच माणसं आहेत, निम्म्यांची सासरं-माहेरं पेठांतच आहेत. पण त्यांचा घरफाळा जातो ग्रामपंचायतीला. हद्दवाढीचं नाव काढलं की गावं रस्त्यावर उतरतात, त्यामागेही इतर कारणांबरोबर हीच घरफाळ्याची धास्ती असते. मग सांगा, तलाव निव्वळ घरफाळ्यावर फुकट चालवला, तर मंगळवार पेठेतली पेन्शनवर जगणारी आजी, जिने जन्मात पाण्यात पाय घातला नाही, ती पाचगावच्या बंगल्यातल्या माणसाच्या पोहण्याचे पैसे भरणार. फी घेतली की निदान पोहणारा भरतो, मग तो कुठल्याही हद्दीतला असो. माझं म्हणणं एवढंच होतं, पण मी ते उर्मटपणे मांडलं.

कायद्याचंही थोडं सांगतो. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला. (आपलं पुण्याकडचं शिरूर नव्हे, हा उडुपीचा मठ.) कर म्हणजे सगळ्यांसाठी, सक्तीने, त्याच्या बदल्यात तुम्हाला नेमकं काय मिळेल याचा करार नाही. शुल्क म्हणजे ठरावीक सेवेचा मोबदला, आणि त्या सेवेच्या खर्चाशी त्याचं काहीतरी नातं हवं. पुढे कोर्टाने हे नातं बरंच सैल केलं, पैशाला पैसा जुळवायची गरज नाही म्हटलं, पण नातं उरलं. तुमच्या "मग घरफाळा कशाचा?" या प्रश्नाचं कोरडं उत्तर हे. आणि तुमच्या हातातली काठीही हीच. फी घेताय ना? मग ती कुठे गेली ते दाखवा.

हे मला अंगावर शिकायला मिळालंय. नोकरीनिमित्त काही वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात होतो. गावाचं नाव घेत नाही. तिथे नगरपालिकेचा तलाव होता. एप्रिलमध्ये मुलीचा आणि माझा महिन्याचा पास काढला, फोटो चिकटवून, शिक्का मारून. चौथ्या दिवशी सकाळी सहाला गेलो तर दाराला साखळी, आणि साखळीला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर 'फिल्टर बंद'. आत पाणी होतं, शेवाळासारखं हिरवं, वर एक चप्पल तरंगत होती. मुलगी टॉवेल गळ्यात घालून उभी. साखळी निघाली जूनमध्ये, तोवर शाळा सुरू झालेली. पैसे परत मागायला गेलो तर कारकून शांतपणे म्हणाला, "साहेब, फी ट्रेझरीत जमा झाली. ती आता तलावाची नाही." या वाक्याचा राग यायला मला दोन दिवस लागले. आमच्या पासाच्या पैशातून फिल्टर दुरुस्त व्हायला काहीच हरकत नव्हती. पण ते एका मोठ्या हौदात पडले होते, आणि त्या हौदातून तलावाच्या वाटणीला काय येणार हे तलावावरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मूळ लेखात मी 'फी वाढवा' म्हणालो, पण हा अर्धा भाग लिहिलाच नाही. तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

हिशेबाशिवाय पैसे मागितले की काय होतं हे या शहराला कुणी शिकवायला नको. शहरातल्या रस्त्यांसाठी लावलेल्या टोलविरुद्धच्या आंदोलनात ऐंशीच्या घरातले शेकापचे नेते एन. डी. पाटील सर उन्हात चालले, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा चालले, पक्षबिक्ष बाजूला ठेवून अख्खी पेठ त्यांच्यामागे चालली, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल गुंडाळावा लागला. त्यातली निम्मी लढाई 'रस्त्यांवर खर्च झाला किती ते मोजा' याचीच होती. हेच कोल्हापूरकर खासबागेच्या कुस्ती मैदानात जंगी कुस्तीचं तिकीट रांगेत उभे राहून काढतात आणि वर जिंकलेल्या मल्लावर नोटांचा पाऊस पाडतात. तिथे पैसे कशाचे ते डोळ्यांसमोर मातीत दिसत असतं.

आता दुसरा मुद्दा, डब्याचा. इथे मी सपशेल हरलो.

हौस हा शब्द मी सहज वापरला. खरं तर तो माझा नाहीच, कायद्याचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशी कामं आहेत: पाणी, दिवे, सफाई, सांडपाणी. कलम ६६ मध्ये करता आली तर करावीत अशी. बागा, क्रीडांगणं, पोहण्याचे तलाव हे सगळं या दुसऱ्या यादीत. म्हणजे कायद्याच्या लेखी तलाव ही हौसच. मीही तीच यादी डोक्यात धरून लिहिलं.

पण तुमचा डबा वाचला आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं त्या रात्री शेजारच्या घरातला अकरावीचा मुलगा जिन्यात उभा होता, त्याच्या आईने त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ह्याला पवाया येत न्हाई." बोट आली, सगळे सुखरूप निघाले. दोन वर्षांनी २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही उतरत नाही, हे मला कळतं. पण दर उन्हाळ्यात विहिरीत, खाणीत, नदीच्या डोहात पोरं जातात त्यांचं काय? ज्या गावाच्या अंगणात नदी येते त्या गावात पोराला पोहता येणं ही हौस कशी?

म्हणून आता माझं मत असं. शिकणं फुकट असावं, नंतरचं पोहणं विकत. सातवी-आठवीपर्यंतच्या प्रत्येक पोराला, शाळा महापालिकेची असो की खासगी, एक उन्हाळा तलावावर शिकवावं, पास नाही, फी नाही. त्याचा खर्च घरफाळ्यातून खुशाल घ्या, आजीच्या घरफाळ्यातूनसुद्धा, कारण तिचा नातूही त्यात आहे. आणि माझ्यासारखा पोट कमी करायला सकाळच्या बॅचला येणारा पन्नाशीतला माणूस, त्याच्याकडून क्लोरीनचे, विजेचे, जीवरक्षकाच्या पगाराचे पुरेपूर पैसे घ्या.

तुम्ही शाहू महाराजांचं नाव घेतलंत, ते इथे अगदी चपखल बसतं. महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आई-बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. सगळं फुकट वाटायचं असा तो हिशेब नव्हता. ज्याच्यावाचून माणूस अडेल ते फुकट, आणि ते न घेणाऱ्याला दंड! पोहण्याला दंड नको, पण पहिला भाग तर उचलू.

नाट्यगृहाबद्दल तुम्ही एका शब्दात झटकलंत, मीही फार लांबवत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह जळालं तेव्हा बाहेर रडणाऱ्या लोकांत हौशी संस्थांची पोरं जास्त होती. व्यावसायिक नाटकवाला पुण्याला प्रयोग लावेल, यांना दुसरं घर नाही. त्यामुळे भाड्याचे दोन दर हवेत यावर तुमचं-माझं दुमत नसावं. फक्त सवलतीच्या दरात पुढाऱ्याचा वाढदिवस साजरा होणार नाही एवढं बघायला हवं.

राहता राहिला प्रश्न, हे सगळं ठरवतं कोण. २०२० च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं सरकारने नेमलेला प्रशासक. दर सुचवणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. फाईल या टेबलावरून त्याच टेबलावर. माणूस कितीही चांगला असला तरी 'पाचशे का, तीनशे का नाही' असं विचारायला समोर कुणी नव्हतं. नगरसेवकांना आपण शिव्या घालतो, मीही घातल्यात, पण त्यांच्या दारात जाऊन ओरडता तरी येतं. आता नगरसेवक पुन्हा आलेत. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे दर आणि अंदाजपत्रक यांची चर्चा होते, तेव्हा एक साधी मागणी घेऊन आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे जाऊ: प्रत्येक तलावाच्या तिकीट खिडकीशेजारी एक फळा. गेल्या महिन्यात फी किती जमली, वीज किती, क्लोरीन किती, पगार किती, तलाव किती दिवस बंद. खडूने लिहिलं तरी चालेल. आणि चार दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर पासाची मुदत तेवढी पुढे. तुम्ही येणार असाल तर मी येतो, मागणीचा मसुदा मी लिहितो, बोलायचं तुम्ही. तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतंय की ते काम तुम्हाला जास्त जमेल.

मूळ लेखातलं हौसेचं वाक्य मी खोडलेलं नाही, लपवाछपवी नको. त्याच्याखाली तुमची प्रतिक्रिया तशीच जोडली आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचा डबा कसला होता? आमचा पाच लिटरचा तेलाचा. त्याचं बूच सैल होतं, प्रत्येक मुटक्याच्या उडीबरोबर आत पाणी शिरायचं, आणि वडील काठावरून ओरडायचे, "डबा भरायच्या आत शीक!"