अण्णांच्या बंडीचा खिसा

आंब्याच्या सीझनला अण्णांच्या बंडीच्या खिशात दोन वस्तू कायम. तंबाखूची चंची आणि अंगदुखीच्या गोळ्या. सकाळी आंबे काढायचा झेला घेऊन कलमांखाली, दुपारी मांगरात पेट्या भरायच्या, गुडघा बोंबलला की एक गोळी. दुकानदार ओळखीचा. "अंगदुखीची दे" म्हटलं की कात्रीने चार कापून देतो. नाव कोण वाचतंय?

वैशाखात पायांना सूज आली, बीपी चढलं, किडनीचं काम किती बिघडलंय ते सांगणारं क्रिएटिनिन २.१ निघालं, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" अण्णा म्हणाले, "औषध असं काय नाय हो. नुसती अंगदुखीची."

घरी येऊन मी ती स्ट्रिप वाचली. दुखणं-सूज मारणारं डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि तापाचं पॅरासिटामॉल ३२५. वर कणकण वाटली की अण्णा वेगळी पॅरासिटामॉल घ्यायचे ती निराळीच!

"जेवूनच घेतो ना मी!" हे त्यांचं पालुपद. अहो, जेवलात तरी ती गोळी रक्तात जातेच. ज्या द्रव्यामुळे सूज येते ते ती कमी करते, पण जठराचं अस्तर त्याच द्रव्यावर टिकून असतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठाही तेच सांभाळतं. अण्णांना बीपीसाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि उन्हात घामाच्या धारा. त्यात ही गोळी दिवसाला तीनदा. किडनीने करायचं काय?

रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडं जपतात, ऐकून माहीत असेल. देशभर गिधाडं मेली ती याच डायक्लोफेनॅकने, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन, किडन्या जाऊन. गुरांना ते द्यायला २००६ पासून बंदी आहे. माणसाला अजून चालतं, आणि चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम असूनही कात्रीने कापून मिळतं. दुकानदाराला मी एकट्याला दोष देणार नाही, मागणारे आपणच.

आता भाताची लावणी येईल. चिखलात कंबर मोडेल, ताप येईल आणि घरोघर हीच गोळी निघेल. तो ताप लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, असला तर किडनीवर आधीच घाला असतो, डेंग्यूचा असला तर रक्तस्रावाची भीती. तपासणी होईपर्यंत नुसती पॅरासिटामॉल, तीही मापात, आणि दवाखाना गाठा.

अण्णांचं क्रिएटिनिन उतरलंय. गुडघ्याला आता जेल चोळतात, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. परवा बंडी धुवायला काढली तर खिशात चार गोळ्या.

"त्या माझ्या नाय," म्हणाले, "गड्यासाठी ठेवल्यात."